शहर पाहायला निघताय? पर्यटन पास घेण्याआधी हा हिशोब घरीच करा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की सांगली-मिरजेच्या घरांतून दिल्ली-आग्रा-जयपूरचे बेत शिजायला लागतात. गोवा एक्स्प्रेसचं आरक्षण मिळतं, हॉटेल ठरतं आणि मग मोबाइलवर जाहिराती दिसू लागतात. ‘एका तिकिटात आठ ठिकाणं’, ‘तीन दिवस हवा तितका प्रवास’, ‘रांगेत उभं राहायला नको’. घरातलं कोणीतरी म्हणतंच, घेऊन टाकू या पास, तिथे गेल्यावर कटकट नको.

पास चांगला असतो, पण तो सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो. आधी ठिकाणं ठरवायची, मग वार बघायचे, माणसं मोजायची, आणि त्यानंतर पासकडे वळायचं. उलट क्रमाने गेलं की पास वसूल करण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना उन्हात पळवलं जातं आणि सहलीची मजा जाते. म्हणून घरी बसून, कागद-पेन घेऊन हे काम कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : पास नेमका कशाचा आहे?

पर्यटन पास या एकाच नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. काही पास फक्त प्रवेशाचे असतात, जसं जयपूरचं एकत्रित तिकीट. काही फक्त प्रवासाचे असतात : दिल्ली मेट्रोचं टूरिस्ट कार्ड, मुंबई लोकलचं एक, तीन किंवा पाच दिवसांचं टूरिस्ट तिकीट, आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’. आणि काही पासांत खाजगी कंपन्या बस, गाइड, प्रवेश असं सगळं एकत्र बांधून देतात. या शेवटच्या प्रकारात बारीक अक्षरं नीट वाचा. यादीतल्या काही ठिकाणी बस नुसती बाहेर थांबते, आत जायचं तिकीट आपलं आपण काढायचं असतं. ‘दर्शन’ आणि ‘प्रवेश’ हे शब्द कुठे कुठे वापरलेत तेवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो.

दुसरी पायरी : यादी करा आणि फुकटची ठिकाणं खोडा

जी ठिकाणं खरोखर पाहायची आहेत ती लिहा. पासच्या जाहिरातीतली यादी उतरवून घेऊ नका, आपली स्वतःची करा. मग जिथे तिकीटच नाही ती खोडून टाका.

हे किती महत्त्वाचं आहे ते आपल्याच गावावरून बघा. उद्या कोणी ‘सांगली-मिरज पास’ काढला आणि बाहेरगावच्या पाहुण्याने तुम्हाला विचारलं, घेऊ का? तुम्ही त्याला काय काय दाखवाल? कृष्णाकाठचं गणपती मंदिर, संध्याकाळी आयर्विन पूल, मिरजेचा ख्वाजा मीरासाहेब दर्गा, आणि सतारमेकरांची गल्ली, जिथे भोपळ्याला आकार देण्यापासून तारा जुळवण्यापर्यंतचं काम डोळ्यांसमोर चाललेलं असतं. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) यातल्या कशालाच तिकीट नाही. जवळपास प्रत्येक शहराचं असंच असतं. जयपूरचं गोविंददेवजी मंदिर फुकट आहे, जलमहाल रस्त्यावरूनच पाहायचा असतो. दिल्लीत बंगला साहिब गुरुद्वारा, लोटस टेंपल, इंडिया गेट यांना पैसे पडत नाहीत. मुलगा किंवा मुलगी लंडनला असेल आणि तुम्ही तिकडे निघाला असाल, तर ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीचं कायमस्वरूपी दालन विनामूल्य पाहता येतं. खोडाखोड झाल्यावर जे उरतं, तेवढ्यासाठीच पासचा विचार करायचा.

तिसरी पायरी : वार तपासा

ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद, अक्षरधामही सोमवारी बंद. पॅरिसला लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असतं. तीन दिवसांच्या पासमधला एक दिवस असा बंद वारात गेला, तर वसुलीचं गणितच बिघडतं. म्हणून रेल्वेचं आरक्षण करतानाच हे वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. आग्र्यात शुक्रवार येणार असेल तर आधी दिल्ली करा, मग आग्रा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

चौथी पायरी : माणसं एकेक करून मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी वगळतात. ‘आम्ही पाच जण, पाच पास द्या’ असं खिडकीवर म्हणायचं नाही. प्रत्येक माणसाची वेगळी ओळ करायची.

घरचंच उदाहरण घेऊ. समजा, परदेश किंवा परराज्य नको, चार दिवस एसटीनेच फिरायचं ठरलं : सांगलीहून सातारा, महाबळेश्वर, मग कोकणात उतरून परत. ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो, साध्या बसचा आणि शिवशाहीचा दर वेगळा असतो. आता घरात ७८ वर्षांची आजी, आई, बाबा, आणि १५ वर्षांचा मुलगा आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, तेव्हा आजीला पास कशाला? महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे आईच्या चार दिवसांच्या अर्ध्या तिकिटांची बेरीज आधी करायची आणि मगच ती पासच्या किमतीशी ताडून बघायची. पूर्ण तिकीट पडतं ते बाबांना आणि मुलाला. पास घ्यायचाच झाला तर बहुधा या दोघांचा. आजोबा ६५ ते ७५च्या मधले असतील तर त्यांनाही अर्धं तिकीट आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मात्र सोबत हवंच, वाहक ते मागतात.

शहरातल्या स्मारकांनाही हेच लागू. पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. जयपुरात विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलतीचं तिकीट मिळतं, म्हणून मुलांची कॉलेजची कार्डं घरी कपाटात ठेवून जाऊ नका. दिल्ली मेट्रोत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं. पॅरिसमध्ये लूव्रसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत १८ वर्षांखालच्यांना तिकीट नसतं, तिथे नातवासाठी म्युझियम पास घेणं म्हणजे पैसे वाया.

पाचवी पायरी : दिवस आखा. जयपूर घेऊन करून बघू

जयपूरचं एकत्रित तिकीट दोन दिवस चालतं आणि त्यात आठ ठिकाणं येतात : आमेर, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल, ईसरलाट, सिसोदिया राणी बाग आणि विद्याधर बाग. दोन ठिकाणं यात नाहीत आणि ती बहुतेकांना पाहायची असतात : सिटी पॅलेस आणि जयगड. ती राजघराण्याच्या व्यवस्थेखाली आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. आमेरचा रात्रीचा प्रवेश आणि ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम हेही वेगळेच. आमेरवर चढवणारी जीप, गाइड, रिक्षा यांतलं काहीच तिकिटात येत नाही.

आता नकाशा उघडा. आमेर शहरापासून साधारण ११ किलोमीटरवर आहे. वाटेत जलमहाल लागतो. जयगड आमेरच्या डोक्यावर आहे आणि नाहरगडाचा रस्ताही त्याच डोंगरातून जातो. म्हणजे पहिला दिवस त्या बाजूचा झाला : सकाळी लवकर आमेर, मग जयगड, दुपारचं जेवण आणि संध्याकाळी नाहरगड, कारण तिथून खाली दिवे लागलेलं जयपूर बघायला मिळतं. आमेर आत खूप मोठं आहे. चढ-उतार, अरुंद जिने, उघडी अंगणं. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तीन तास धराच आणि जयगड सोडून द्या.

दुसरा दिवस परकोटातला, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातला. हवामहल, जंतरमंतर आणि सिटी पॅलेस चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, ईसरलाटही जवळच. अल्बर्ट हॉलसाठी रिक्षा करा.

जंतरमंतरला जायची वेळ मात्र नीट निवडा, कारण तिथली यंत्रं सावलीवर चालतात. सवाई जयसिंगांनी १७३४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या या वेधशाळेतलं सम्राट यंत्र, म्हणजे प्रचंड सूर्यघड्याळ, तब्बल २७ मीटर उंच आहे. त्याच्या संगमरवरी पट्टीपाशी उभं राहून सावलीच्या कडेवर बोट टेकवा आणि मिनिटभर थांबा. सावली बोटावरून पुढे सरकलेली दिसते, मिनिटाला सुमारे सहा सेंटिमीटर. त्यावरून वाचलेली वेळ घड्याळाशी जुळणार नाही, कारण यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवतं. शाळेत शिकलेलं पृथ्वीचं फिरणं मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं. घाईघाईने पास वसूल करणारे लोक इथे दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. इथे गाइड करा, तासभर द्या, आणि ढगाळ दिवस असेल तर या ठिकाणाची वेळ बदला.

उरल्या दोन बागा. त्या आग्रा रस्त्यावर, शहराबाहेर आहेत. तुम्ही गाडीने आग्र्याहून येत असाल किंवा तिकडे जाणार असाल तर वाटेत होतील. नाहीतर मुद्दाम जायला अर्धा दिवस जाईल, तेव्हा त्या मोजायच्याच नाहीत. म्हणजे आठातली तुमची ठिकाणं पाच, फार तर सहा.

सहावी पायरी : बेरीज

प्रत्येक माणसापुढे, तो खरोखर पाहणार त्या ठिकाणांच्या सुट्या तिकिटांची बेरीज लिहा. शेजारी पासची किंमत लिहा. दर बदलत राहतात, म्हणून ते निघायच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर बघा. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेले आकडे धरू नका. सुट्या तिकिटांची बेरीज पासपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर पास घ्या. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर मी सुटी तिकिटं घेईन, कारण एखाद्याचं पोट बिघडलं किंवा पाऊस आला तर सुट्या तिकिटात एकच ठिकाण बुडतं.

प्रवासाच्या पासलाही हीच परीक्षा. दिल्ली मेट्रोचं टूरिस्ट कार्ड एक दिवसाचं आणि तीन दिवसांचं मिळतं. दिवसभर इकडून तिकडे फिरणाऱ्या तरुणांना ते फायद्याचं पडतं. पण सकाळी एकदा जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या कुटुंबाला साधं स्मार्ट कार्ड बरं, त्यावर प्रत्येक फेरीला १० टक्के सवलत मिळते आणि उरलेली रक्कम पुढच्या वेळी वापरता येते.

सातवी पायरी : मुदत कशी मोजतात ते विचारा

काही पास तारखेने चालतात, काही तासांनी. तारखेचा पास संध्याकाळी चार वाजता सुरू केला तर तो दिवस गेलाच. तासांचा पास पहिल्या प्रवेशापासून मोजला जातो. पॅरिसचा म्युझियम पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा असतो, त्यामुळे तो दुपारी सुरू केला तर शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत चालतो. त्या पासमध्ये आयफेल टॉवर नाही, आणि लूव्रसाठी पास असूनही वेळ आधी राखून ठेवावी लागते. ‘रांग नाही’ याचा अर्थ सगळीकडे तिकिटाच्या खिडकीची रांग नाही एवढाच असतो. सुरक्षा तपासणीची रांग सगळ्यांना असते.

आठवी पायरी : कुठून घ्यायचा

जयपूरचं तिकीट त्या स्मारकांच्या खिडकीवर मिळतं. गर्दीच्या हंगामात आमेरच्या खिडकीवर मोठी रांग असते, पण म्हणून आदल्या संध्याकाळीच तिकीट काढून ठेवायची घाई करू नका. दोन दिवसांची मुदत उगाच सुरू होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडतानाच पोहोचा. ऑनलाइन घेणार असाल तर सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना ते पाहा. शोध घेतल्यावर सगळ्यात वर येतात त्या बऱ्याचदा जाहिराती असतात, आणि तिथे त्याच तिकिटाला जादा पैसे लावलेले असतात. स्टेशनबाहेर ‘पास है, लाइन नहीं लगेगी’ म्हणत मागे लागणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका.

ताजमहालाचं तिकीट काढताना एक गोष्ट तिथेच ठरवावी लागते. भारतीयांना ५० रुपयांत आवारात जाता येतं, मुख्य समाधीच्या चौथऱ्यावर जायचं असेल तर आणखी २०० रुपये. इतक्या लांब जाऊन ते वाचवू नयेत असं मला वाटतं. संगमरवरातली पच्चीकारी, म्हणजे रंगीत दगड बसवून केलेली नक्षी, जवळून बघितल्याशिवाय तिची नजाकत कळत नाही.

पास हातात आला की त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका, नाव घातलेलं असेल तर ज्याचा त्याच्याकडे द्या, आणि बाहेर पडेपर्यंत फेकू नका. एकत्रित तिकिटावर प्रत्येक ठिकाणी खूण होते किंवा कोड तपासला जातो, ते चुरगळलं किंवा भिजलं तर पुढच्या दारावर हुज्जत घालावी लागते. प्लॅस्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाला लावून ठेवा.