घरच्या जेवणाचा फोटो: वाफ जायच्या आत

मागच्या गणपतीत मी पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दोन मिनिटांत नणंदेने तोच फोटो लाल गोल काढून परत पाठवला. गोलात आमटीची स्टीलची वाटी, आणि वाटीच्या पोटावर मी, गाऊनमध्ये, दोन्ही हातांनी फोन वर धरलेली, डोक्यावर ट्यूबलाइट. खाली लिहिलेलं, "वहिनी, आमटीपेक्षा तुम्हीच छान आलायत." त्यानंतर मी जरा शिकून घेतलं, चुकत चुकतच, तेच इथे सांगतेय. कॅमेरा वगैरे काही लागत नाही, हातातला फोन पुरतो.

सगळ्यात आधी फोनची लेन्स पुसा. हसू नका, स्वयंपाक करताना आपण त्याच तेलकट बोटांनी फोन उचलतो आणि मग फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो. सुती पदर चालतो.

मग उजेड. स्वयंपाकघरातली ट्यूब विसरा. आमचं किचन दिवसाही अंधारं, म्हणून मी ताट उचलून हॉलच्या खिडकीशी नेते, स्टुलावर ठेवते आणि घरातले सगळे दिवे बंद करते. सगळे म्हणजे सगळे, कारण एका बाजूने खिडकीचा पांढरा उजेड आणि दुसरीकडून पिवळा बल्ब असला की भात अर्धा निळसर अर्धा पिवळा दिसतो आणि मग तो कशानेच नीट होत नाही. ऊन थेट ताटावर पडत असेल तर मध्ये पातळ पांढरी ओढणी धरा किंवा पडदा ओढा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला काळोखी सावली पडते, तिथे मुलाच्या प्रोजेक्टचा उरलेला पांढरा कार्डशीट उभा करायचा, एवढ्याने पण खूप फरक पडतो. फ्लॅश अजिबात नको, तेलाचा तवंग असलेल्या रश्श्यावर तर नकोच, नुसते पांढरे ठिपके येतात.

रात्रीचं जेवण असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनचा टॉर्च लावा, पण पदार्थावर नाही, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर मारा, भिंतीवरून परत येणारा उजेड मऊ असतो.

आता अँगल. माझा साधा हिशोब असा, जे चपटं ते वरून, जे उंच ते समोरून. थालीपीठ, पुरणपोळी, घावन हे सरळ डोक्यावरून. वडापाव, मोदक, भज्यांचा ढीग यांच्यासाठी फोन जवळजवळ टेबलाला टेकवायचा, मोदकाच्या कळ्या तिथूनच दिसतात, वरून काढला तर मोदक लसणाचा गड्डा वाटतो. वाटीतली उसळ, भाजी, खीर हे तिरकं, आपण जेवायला बसल्यावर जसं दिसतं तसं. आणि फोन पदार्थाच्या नाकाशी नेऊ नका, जवळ गेलं की वाटी फुगलेली दिसते. दोन पावलं मागे या आणि दोनपट झूम करा.

वाढलेल्या पानाचा फोटो मात्र वरूनच. मीठ वर मध्ये, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, आमटी, मधोमध भाताची मूद आणि त्यावर वरण. ही मांडणी आपल्याकडे आधीपासून ठरलेलीच आहे, तिच्यात आपण कलाकारी करायला जाऊ नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा, ऑन करा म्हणजे ताट वाकडं येणार नाही. केळीचं पान असेल तर प्रश्नच नाही, हिरव्यावर सगळंच उठून दिसतं. स्टील असेल तर फोटोआधी वाटीत स्वतःला शोधा. सापडलात तर जरा बाजूला सरका.

आमच्या सासूबाईंना नैवेद्याच्या ताटाचा फोटो देवाला दाखवायच्या आधी काढलेला चालत नाही, आणि नैवेद्य झाला की सगळ्यांना कडकडून भूक लागलेली असते. त्यामुळे मी रिकाम्या ताटावरच सगळं ठरवून ठेवते, स्टूल कुठे, फोन किती उंच, कार्डशीट कुठे. खरं ताट आलं की तीन फोटो आणि पानं घ्यायला हाक. ही सवय एरवीही कामाला येते, कारण गरम पदार्थ थांबत नाही. मिसळीवर रस्सा ओतला की मिनिटभरात फरसाण मऊ पडतं, पोळीवरचं तूप मुरतं, कोथिंबीर गरम भाजीवर काळवंडते. म्हणून कोथिंबीर आणि तूप अगदी शेवटी. उसळीतली मटकी रश्श्यात बुडून नुसतं लाल पाणी दिसत असेल तर बाऊलच्या तळाशी एक छोटी वाटी पालथी घाला, वर मटकी दिसते. याला कुणी फसवणूक म्हणेल, मी म्हणत नाही, तीच मटकी आहे.

फोन पांढऱ्या पदार्थाला घाबरतो, भात किंवा मोदक असले की सगळं राखाडी करून टाकतो. स्क्रीनवर पदार्थावर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. काळ्या मसाल्याची आमटी असेल तर उलट, खाली. नंतर एडिट करायचंच तर उजेड थोडासा आणि बास. रंग वाढवायचं बटण हळदीच्या जेवणाला विष आहे, पिठलं हायलाइटर पेनासारखं चमकायला लागतं.

पाठवताना व्हॉट्सॅप फोटो दाबून लहान करतो, म्हणून पाठवायच्या आधी वरचं एचडीचं चिन्ह दाबा. अगदी मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण लक्षात ठेवा, कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर तसं पाठवलेल्या फाइलसोबत घराचं ठिकाणही जातं, ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून आधी बंद करा. इन्स्टाला टाकायचा असेल तर उभा, रुंदी चार तर उंची पाच या मापात. आणि मागे काय आलंय ते बघा. एकदा माझ्या नारळाच्या वड्यांमागे कुरिअरचा खोका होता, त्यावर पत्ता आणि मोबाइल नंबर दोन्ही अगदी फोकसमध्ये, वड्या ब्लर.

आता माझा खरा मुद्दा. तयार ताटाचा फोटो लोक लाइक करतात आणि पुढे जातात, कुणाला करून बघायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही. आपल्या रेसिपीत अडतं ते "खमंग भाजा", "मऊसर मळा", "अंदाजाने पाणी" इथे. फोटो तिथला हवा. उकडीच्या मोदकांचं साहित्य लिहून होतं, 1 वाटी पिठीला 1 वाटी पाणी, 2 वाट्या खोबऱ्याला 1 वाटी गूळ, पण सारण कधी उतरवायचं ते शब्दात नाही सांगता येत, कढईची कड सोडून गोळा होऊ लागलेल्या सारणाचा फोटो लागतो. पाकाला तर फोटोही पुरत नाही, दोन बोटांमधली तार दाखवायला दहा सेकंदांचा व्हिडिओच काढा. वाटी केवढी तेही दाखवा, शेजारी रोजचा चहाचा कप ठेवून.

बेसनाच्या लाडवांसाठी मी काय करते, पांढऱ्या कागदावर चिमूटभर कच्चं बेसन ठेवते आणि भाजताना दर पाच-सात मिनिटांनी कढईतलं चिमूटभर त्याच्या शेजारी, ओळीने. शेवटी एकच फोटो, सगळे ठिपके एकाच उजेडात. वेगवेगळे फोटो काढले तर फोन प्रत्येक वेळी रंग आपल्या मनाने बदलतो आणि काही कळत नाही, कच्चं शेजारी असलं की तुलना होते. दिवाळीला नणंदेला हाच फोटो पाठवला, ती टोरंटोला असते. तिने तिकडून कागदावर दोन ठिपके ठेवून फोटो पाठवला, एक कच्चा, एक भाजलेला, आणि विचारलं, "झालं का?"

मी लाल गोल काढून परत पाठवला. अजून पाच मिनिटं, गॅस बारीक.