बॅटरी गेली नव्हती, टर्मिनल खराब होतं

मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या घरात. अशाच एका सकाळी गाडीने रावेरला निघायचं होतं. चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्, डॅशबोर्डचे दिवेही मंद. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, "भाऊ, बॅटरी गेली, नवीन टाका." म्हणजे साडेचार-पाच हजारांचा खड्डा.

मी आधी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर (तार जोडायच्या खुंटीवर) पांढरट-हिरवट भुकटीचा थर, तार पकडणारा क्लॅम्प हाताने हलत होता. शेजारच्या काकांचा मल्टिमीटर लावला: १२.५ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ दाखवते, तेव्हा दोष बहुधा जोडणीतच असणार.

१० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवला, मग पॉझिटिव्ह. हा क्रम अजिबात चुकवू नका. निगेटिव्ह जोडलेला असताना पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला की थेट शॉर्ट! हातमोजे घाला, ती भुकटी बॅटरीतल्या आम्लामुळे तयार होते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला, फसफस फेस आला. जुन्या टूथब्रशने घासलं, मग शिसं चमकेपर्यंत पॉलिश पेपर मारला. पुसून कोरडं केलं, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह घट्ट आवळला. वरून व्हॅसलीनचा हात.

पहिल्याच सेल्फला गाडी चालू! चालू इंजिनवर मीटर १४.१ दाखवत होता, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठणठणीत. खर्च सोड्याच्या पुडीचा. अकरापर्यंत रावेरच्या केळीबागा दिसू लागल्या होत्या.