बांधावरची मुलाखत: वारा, मोटार आणि माईक

शेतकऱ्याची मुलाखत बांधावर घ्यायची म्हटली की फ्रेम सुरेख मिळते. मागे ऊस, वर आभाळ. घरी येऊन ऐकावं तर पाल्याची सळसळ, विहिरीवरच्या मोटारीची घरघर आणि त्यांच्याआड कुठंतरी काका बोलतायत. चित्र जरा हललं तर लोक चालवून घेतात, पण बोलणंच कळेना झालं की व्हिडिओ बंद करतात.

म्हणून कॅमेरा पिशवीतच ठेवा. ठरलेल्या जागी उभं राहून डोळे मिटा आणि मिनिटभर नुसतं ऐका. सवयीचे आवाज आपले कान गाळून टाकतात, माईकला ती अक्कल नसते. पिंपळाखालची सावली मोहात पाडते, पण जराशा झुळकीनंही त्याची पानं वाजत राहतात. गोठ्याची किंवा घराची भिंत वारा अडवत असेल तर तिच्या आडोशाला खुर्ची टाका. पत्रा मात्र हलणारा नको. जमलं तर सकाळी लवकर जा, तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो.

मोटारीचं काय? शेतीची वीज पाळीपाळीनं येते, त्यामुळे वीज असताना ‘मोटार बंद करा’ म्हणणं बरं नव्हे. वीज कधी जाते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि त्या वेळेला पोहोचा.

आता माईक. कॅमेऱ्यावरच्या माईकवर विसंबू नका. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उघड्यावर त्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं पडतो. आजूबाजूचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र किंवा पदर त्याला घासत नाही ना ते बघा, आणि शर्टाच्या खिशातली तंबाखूची पुडी तेवढ्यापुरती बाहेर ठेवायला सांगा. तिची कुरकुर अख्ख्या मुलाखतीत ऐकू येते. लांबट गन माईक असेल तर तो वरून, फ्रेमच्या जरा बाहेरून, तोंडाकडे रोखून धरा. समोरून आडवा धरलात तर माणसामागचा रस्ताही तो तितक्याच आवडीनं टिपेल.

वाऱ्याचा बंदोबस्त माईकवरच व्हायला हवा. सोबत मिळणारी स्पंजची टोपी झुळकीपुरती ठीक. उघड्या रानात केसाळ कव्हर लागतंच. वारा माईकच्या पडद्यावर थेट आदळला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये धड शिवता येत नाही. लो-कट फिल्टर असेल तर 80 ते 100 हर्ट्झवर चालू करा. त्यानं खालची घुमघुम कमी होते, पण कव्हरची जागा तो घेत नाही.

लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात टिपायचा ते, ऑटोवर ठेवू नका. बोलणारा थांबला की ऑटो आवाज वाढवतं, आणि प्रत्येक विरामात रान अंगावर येतं. मोठ्यात मोठा आवाज लेव्हलच्या मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं हातानं लावा (या मीटरवर शून्य म्हणजे आवाज फाटायची हद्द). चाचणीसाठी ‘वन, टू, थ्री’ म्हणायला लावलं तर माणूस पुटपुटतो. त्यापेक्षा ‘यंदा उसाला दर काय मिळाला?’ असं विचारा. खरी पट्टी तिथंच कळते.

मुलाखत चालू असताना कुणीतरी कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावून ऐकत बसायलाच हवं. ट्रॅक्टर गेला तर थांबा आणि ते वाक्य पहिल्यापासून घ्या. एकसारखी घरघर नंतर थोडीफार कमी करता येते, पण शब्दावर आलेला हॉर्न काढता येत नाही. तुमचे हुंकारही आवरा. ‘हं… हं… बरोबर’ कापताना जीव जातो. मान हलवली तरी पुरते.

शेवटी माईक न काढता, सगळ्यांना गप्प बसवून, त्याच जागेचा मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करा. कापलेल्या वाक्यांमधली सांधणी याच आवाजानं होते. त्या मिनिटात कुणीतरी हमखास खोकतं. पुन्हा एक मिनिट घ्या, चहा तेवढा थांबेल.