शाकाहारी असूनही वजन वाढतंय? मग ताटातली मापं बदला

"आम्ही तर शुद्ध शाकाहारी, बाहेरचंही फार खात नाही, मग वजन कशानं वाढतं?" चाळिशी ओलांडलेल्या ओळखीच्यांकडून हे सारखं ऐकायला मिळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा, खारी, चहातली साखर, हे सगळंही वनस्पतीपासूनच येतं ना. नुसतं शाकाहारी असून भागत नाही, ताटात काय किती आहे ते बघावं लागतं, आणि जो बदल कराल तो दहा वर्षं चालेल असा हवा, दोन महिन्यांच्या डाएटचा काही उपयोग नाही.

कारण मोठेपणी वजन एकदम वाढत नाही, गुपचूप वाढतं. अमेरिकेत 1,20,877 लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2011 मध्ये आला, त्यात दर 4 वर्षांत सरासरी दीड किलो वाढ दिसली, म्हणजे वीस वर्षांत सात-आठ किलो! बटाट्याचे चिप्स, बटाटा आणि गोड पेयं वाढवणाऱ्यांचं वजन जास्त वाढलं आणि भाज्या, फळं, अख्खी धान्यं, दाणे-बदाम, दही वाढवणाऱ्यांचं कमी. तिथल्याच नर्स आणि आरोग्य व्यावसायिकांच्या गटांवर 2019 मध्ये जे काम आलं त्यातही तेच, चांगला वनस्पतीजन्य आहार वाढवला तर वजन कमी वाढतं, मैदा-साखरेचा वाढवला तर जास्त, दोन्ही शाकाहारीच बरं का.

आता माप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये 2000 कॅलरीच्या दिवसासाठी जे ताट सांगितलंय ते असं: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400 (बटाटा सोडून), फळं 100, दाणे-तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिली. धान्य आणि डाळी कोरड्या मोजायच्या. एकदा किचनच्या वजनकाट्यावर 85 ग्रॅम तूरडाळ मोजून बघाच, आपण वरणात माणशी किती कमी डाळ टाकतो ते लगेच कळेल. आणि सकाळचे पोहे, दुपारच्या पोळ्या, वर भात, संध्याकाळची खारी, रात्री परत पोळी-भात हे सगळं त्या 250 मध्ये बसवायचंय, गडबड होते ती इथे.

पण सुरुवात पोळी कमी करण्यापासून करू नका, भूक लागते आणि आठवड्यात सुटतं. आधी उसळ वाढवा. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या पंच्यात घट्ट बांधा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड तयार, थंडीत अजून एक रात्र द्या. चार माणसांच्या उसळीला दोन चमचे तेल पुरतं, मोहरी-हिंग-हळद, कांदा, गोडा मसाला, आमसूल आणि शेवटी चमचाभर दाण्याचं कूट, झालं. एकदम जास्तीचे मोड काढून डब्यात फ्रीजरला टाकले की ऑफिसवरून दमून आल्यावर बाहेरून मागवायची वेळ येत नाही. आळीपाळीनं मूग, चवळी, वाल, कुळथाचं पिठलं करा, म्हणजे कंटाळा येत नाही. जेवायला बसलं की आधी कोशिंबीर आणि उसळ थोडी खा आणि मग पोळीला हात लावा, तिसरी पोळी आपोआप सुटते.

तेलाचा हिशोब सगळ्यात सोपा आणि सगळेजण तोच करत नाहीत. दिवसाचे 27 ग्रॅम म्हणजे महिन्याला माणशी साधारण 900 मिली, चौघांच्या घरात साडेतीन लिटरच्या जरा वर, आणि तूपही त्यातच धरायचं. पिशवी फोडली की तिच्यावर स्केचपेननं तारीख टाका, महिन्याअखेर आकडा समोर येईल. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उरलेले उपाय नंतर, आधी हे.

चहा सोडायची गरज नाही, साखर मोजा. चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे म्हणजे 30 ग्रॅमच्या वर साखर झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम म्हणते. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत गेलं तर जिभेला सवय होते. उपासाला साबुदाण्याऐवजी भगर-आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी करा, साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्चच, प्रोटीन नावालाही नाही.

जमिनीच्या दृष्टीनंही हेच ताट बरं. तूर, हरभरा, मटकी हवेतला नायट्रोजन मुळांच्या गाठींत धरतात म्हणून त्यांना युरिया कमी लागतो, ज्वारी-बाजरी कमी पाण्यावर येते आणि पाणी साठवलेल्या भातखाचरातून मात्र मिथेन निघतो. म्हणून रोजच्या दोन वेळच्या भातापैकी एक वेळ भाकरी करून बघा, भात बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही, कोकणात-गोव्यात तर नाहीच. भाजी सीझनची घ्या, मेथी, चाकवत, अंबाडी, पावसाळ्यात रानभाज्या, स्वस्तही पडतात.

दूधही सोडून पूर्ण व्हीगन होणार असाल तर बी-12 ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायलाच हवी, यात हयगय नको. शुगरची औषधं किंवा किडनीचा त्रास असेल तरी डाळ-धान्याचं माप आधी त्यांच्याशी बोलूनच बदला.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, सकाळी उठल्यावर, आणि महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 सेंमीच्या आत ही मर्यादा धरतात. सहा महिन्यांत कंबर हललीच नसेल तर आधी तेलाच्या पिशवीवरच्या तारखा बघा, मग चहाची साखर, आणि मग शनिवार-रविवारी बाहेर काय खाल्लं ते लिहून काढा.