नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए : प्रवेशापूर्वी करावयाची तयारी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पर्यवेक्षक म्हणून काम करणारे, साताऱ्यातील बँकेत अधिकारीपदाच्या बढतीची वाट पाहणारे किंवा साखर कारखान्याच्या लेखा विभागात बसणारे अनेक जण दर वर्षी घरबसल्या एमबीए करण्याचा विचार करतात, आणि बहुतेकांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते : फी किती? प्रश्न रास्त असला तरी तो पहिला नाही. मान्यता नसलेली पदवी वीस हजारांत मिळाली तरी महागच पडते. म्हणून पुढील तयारी शक्यतो याच क्रमाने करावी.

सर्वांत आधी ही पदवी कशासाठी हवी आहे, हे दोन वाक्यांत कागदावर लिहावे. बढतीच्या नियमात ‘पदव्युत्तर पदवी’ एवढीच अट असेल, तर सरकारी मुक्त विद्यापीठाची पदवी त्या कामाला पुरते. तिथे दोन लाख खर्चून खासगी विद्यापीठाचे नाव विकत घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. याउलट हेतू पुण्यातील मोठ्या कंपनीत उडी मारण्याचा असेल, तर विद्यापीठाचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे जाळे आणि नोकरीसाठी होणारे साहाय्य यांना किंमत आहे. नोकरीत असणाऱ्यांनी मनुष्यबळ विभागाला विचारून ठेवावे की ऑनलाइन किंवा दूरस्थ (मुख्यतः छापील साहित्य आणि अभ्यासकेंद्रांच्या आधारे चालणारी) पदवी सेवापुस्तकात नोंदवली जाते का आणि शिक्षणासाठी पूर्वपरवानगी लागते का. सरकारी आणि निमसरकारी सेवेत ही परवानगी लेखीच घ्यावी.

त्यानंतर मान्यतेची पडताळणी, आणि या कामाला एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी. जाहिरातीतील ‘यूजीसी मान्यताप्राप्त विद्यापीठ’ या शब्दांवर थांबू नये, कारण विद्यापीठ कायदेशीर असणे आणि त्याला ऑनलाइन एमबीए चालवण्याची परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2020 साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी नियमावली लागू केली. तिच्यानुसार परवानगी दिली जाते ती ठरावीक अभ्यासक्रमाला, ठरावीक पद्धतीला आणि ठरावीक सत्रांसाठी. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर अशा विद्यापीठांची आणि अभ्यासक्रमांची यादी असते. तीत विद्यापीठाचे नाव सापडले म्हणून समाधान मानू नये. त्यापुढे एमबीए हा अभ्यासक्रम लिहिलेला आहे का, तो दूरस्थ पद्धतीच्या रकान्यात आहे की ऑनलाइनच्या, आणि आपण ज्या जुलै किंवा जानेवारीच्या सत्रात प्रवेश घेणार ते सत्र त्यात येते का, हे तिन्ही तपासावे. एखाद्या विद्यापीठाला दूरस्थ एमबीएची परवानगी असते आणि ऑनलाइनची नसते, किंवा मागच्या वर्षी असलेली परवानगी या वर्षी नसते. प्रवेशबंदी घातलेल्या संस्थांच्या सूचनाही तिथेच प्रसिद्ध होतात. त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून प्रवेशाच्या फाइलमध्ये ठेवावी, कारण पाच-सात वर्षांनी पदवीची पडताळणी झाली, तर ‘प्रवेशाच्या वेळी परवानगी होती’ हे दाखवण्यास हाच कागद कामी येतो.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांच्या बाबतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची भूमिका काय आहे, हेही विद्यापीठाकडून लेखी विचारावे, विशेषतः ते अभिमत विद्यापीठ (केंद्र सरकारने विद्यापीठाचा दर्जा दिलेली संस्था) असेल किंवा विद्यापीठ नसून स्वतंत्र संस्था असेल तर. स्वतंत्र संस्था बहुधा पीजीडीएम ही व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदविका देतात. ती कमी प्रतीची असते असे नव्हे, परंतु आपल्या सेवानियमात ‘पदवी’ असा शब्द असेल, तर आधी खुलासा करून घ्यावा. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेची श्रेणी पाहावी, पण ती संपूर्ण विद्यापीठाची असते, आपल्या अभ्यासक्रमाची नव्हे, आणि तिलाही मुदत असते. नियमांप्रमाणे मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही त्याच विद्यापीठाच्या नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. त्यामुळे ‘ऑनलाइन पदवी चालत नाही’ असे कोणी ठामपणे सांगितल्यास नियम दाखवण्याची तयारी ठेवावी. ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींविषयी आयोगाने स्वतःच इशारा दिलेला आहे, तेव्हा त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

आपल्या भागात एक धोका वारंवार समोर येतो, तो मध्यस्थांचा. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या संकुलात दुसऱ्या मजल्यावर परराज्यातील खासगी विद्यापीठाच्या ‘अधिकृत केंद्रा’ची पाटी दिसते, आत टेबलावर चार-पाच विद्यापीठांची माहितीपत्रके एकाच गठ्ठ्यात ठेवलेली असतात आणि ‘परीक्षेची काळजी करू नका’ असे आश्वासन मिळते. दूरस्थ पद्धतीत विद्यापीठाला कार्यक्षेत्राची मर्यादा असते आणि फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवण्यास आयोगाची मनाई आहे. ऑनलाइन पद्धतीला कार्यक्षेत्राची मर्यादा नाही हे खरे, पण मग तिच्यासाठी गल्लीतल्या केंद्राची आवश्यकताही उरत नाही. मोठ्या शैक्षणिक अ‍ॅप कंपन्यांच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी : प्रवेश कोण देते, परीक्षा कोण घेते, गुणपत्रक कोणाच्या सहीचे आणि पैसे कोणाच्या खात्यात? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘विद्यापीठ’ असेच आले पाहिजे.

आता खर्चाकडे वळावे. जाहिरातीत सत्राची किंवा महिन्याचीच फी मोठ्या अक्षरात असते, म्हणून चारही सत्रांचे शिक्षणशुल्क, नोंदणी, परीक्षाशुल्क, अनुत्तीर्ण विषयाची पुनर्परीक्षा, प्रकल्प अहवालाचे मूल्यमापन, पदवी प्रमाणपत्र आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवास यांची एकत्र बेरीज करावी. पावती मागून पाहावी. कायद्याने मान्य पदवीच्या शिक्षणशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यामुळे अठरा टक्के कर लावलेली पावती हाती पडली, तर ती रक्कम विद्यापीठाची फी नसून मधल्या कंपनीच्या सेवेचा आकार आहे, हे ओळखावे. ‘विनाव्याज हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा वित्तकंपनीने आपल्या नावावर दिलेले कर्ज असते. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि थकला की पुढे घरकर्जाच्या वेळी बँकेच्या संगणकावर ती नोंद उमटते. शुल्क परताव्याचे वेळापत्रक प्रवेशापूर्वीच लेखी घ्यावे. बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेतल्यास त्याच्या व्याजावर प्राप्तिकराची वजावट मिळू शकते, मात्र ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच.

पर्यायांची चाचपणी सरकारी विद्यापीठांपासून करावी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 पासून अस्तित्वात असून त्याच्या एमबीएसाठी आता प्रवेशपरीक्षा नाही. खुल्या प्रवर्गाला पदवीला 50 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 45 टक्के गुण लागतात. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतो. संपूर्ण फी अलीकडच्या वर्षांत साठ-पासष्ट हजारांच्या आसपास राहिली आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले. ज्यांचे नाव त्याला दिले आहे, ते देवराष्ट्रे गावी जन्मून कराडला शिकले, आणि आज त्याच टापूतील नोकरदारांनी या विद्यापीठाचा विचार न करता थेट परराज्यातील जाहिरातींकडे वळावे, हे थोडे विचित्रच वाटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्रच कोल्हापूर, सांगली आणि सातारा असे असल्याने तेथील दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण केंद्राकडे चालू सत्रातील परवानगीची चौकशी जरूर करावी. कागदपत्रांत अडचण आली, तर सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येते, ही सोय फीच्या तक्त्यात दिसत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांची ऑनलाइन एमबीएची फी साधारणपणे लाख ते दोन लाखांच्या घरात, काहींची त्याहूनही अधिक असते. तिथे अध्यापनाचे व्हिडिओ आणि विद्यार्थी साहाय्य बरेचदा अधिक नेटके असते, हे मान्य केले पाहिजे.

परदेशी विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांबाबत मात्र सावकाश पावले टाकावीत. अमेरिकेत सरकार विद्यापीठांना थेट मान्यता देत नाही. ती स्वतंत्र मूल्यांकन संस्था देतात आणि त्या संस्थांना तेथील शिक्षण खाते किंवा चेआ ही परिषद मान्य करते, म्हणून ‘मान्यताप्राप्त’ एवढे वाचून न थांबता मान्यता देणारी संस्था कोणती ते पाहावे. एएसीएसबी हे व्यवस्थापन शिक्षणातील नावाजलेले मूल्यांकन आहे, परंतु त्यामुळे भारतात समकक्षता आपोआप मिळत नाही. सरकारी नोकरी किंवा पुढे पीएच.डी. डोळ्यांसमोर असेल, तर समकक्षतेचा प्रश्न सुटल्याशिवाय डॉलरमध्ये फी भरू नये.

वेळेचा हिशेब पैशांइतकाच महत्त्वाचा आहे. डिसेंबर आणि जून हे अनेक विद्यापीठांच्या सत्रान्त परीक्षांचे महिने, आणि डिसेंबर म्हणजे साखर कारखान्यात ऐन गळीत हंगाम, जेव्हा रजेचा अर्ज साहेबांपुढे ठेवायलाही धीर होत नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांनी त्या सत्रात विषय कमी घेता येतात का, राहिलेली परीक्षा पुढच्या सत्रात देता येते का, हे आधी विचारावे. बँकेतील मंडळींसाठी हीच अडचण मार्चअखेरीला येते. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असेल, तर सांगली, मिरज, सातारा किंवा कराड येथे केंद्र मिळते की पुणे-कोल्हापूरला जावे लागते, याची खात्री करावी. ती घरून कॅमेऱ्यापुढे द्यायची असेल, तर संगणकाला कॅमेरा हवा, खोलीत दुसरे कोणी नको आणि वीज गेली तरी इंटरनेट चालू राहील अशी व्यवस्था हवी. पाटण किंवा जावळी तालुक्यातील गावांत पावसाळ्यात हे जमणे कठीण, तेव्हा परीक्षेपुरती शहरातील नातेवाइकांकडे सोय करून ठेवणे बरे.

कागदपत्रांत दहावीपासूनची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, आधार, छायाचित्र, अनुभवाचा दाखला आणि विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र लागते. खरी अडचण नावात येते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते, आधारवर ते शेवटी येते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत दोन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र हाताशी असावे आणि आधारमधील दुरुस्ती प्रवेशाच्या एक-दोन महिने आधी उरकावी. डिजिलॉकरमधून शैक्षणिक क्रेडिट बँकेचा (विद्यार्थ्याने मिळवलेल्या श्रेयांकांची नोंद ठेवणारी सरकारी व्यवस्था) बारा अंकी क्रमांक काढावा आणि त्याच्या आधारे आयोगाच्या दूरशिक्षण पोर्टलवर डीईबी-आयडी, म्हणजे त्या विभागाचा विद्यार्थी ओळखक्रमांक, तयार करावा. 2024 पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी भारतीय विद्यार्थ्यांना तो बंधनकारक आहे. तो स्वतःच, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून काढावा, कारण मध्यस्थाने त्याच्या क्रमांकावरून काढला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

फी भरताना विद्यापीठाच्या अधिकृत पोर्टलवरूनच भरावी, वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर एक रुपयाही पाठवू नये. पावतीवर नावनोंदणी क्रमांक, सत्र आणि अभ्यासक्रमाची पद्धत छापलेली आहे का, ते पाहून ती आधी काढलेल्या परवानगीच्या प्रतीसोबत जोडून ठेवावी. आठ-दहा दिवसांत विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतःचे लॉगिन सुरू न झाल्यास थेट विद्यापीठाच्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर मागावे.