बरोक म्युझिक ऐकायचंय? मग आधी खालचा सूर पकडा

पहिली गोष्ट, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. उगाच भाव खायला सांगत नाहीये, त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे सूर नीट बाहेरच येत नाहीत आणि बरोक म्युझिकमध्ये, म्हणजे बाख-विवाल्दीच्या काळातल्या युरोपियन संगीतात, सगळा खेळ खालच्या सुरांचा आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं विवाल्दी म्हणजे कस्टमर केअरवाल्यांनी फोन होल्डवर ठेवला की वाजतं ते, एवढंच समजत होतो, आणि बाख म्हणजे एकसारखी टिकटिक. मग एकदा बरे हेडफोन्स लावून ऐकलं आणि लक्षात आलं की आपण इतकी वर्षं घराचा फक्त वरचा मजला बघत होतो.

आपला कान कसा तयार झालेला असतो बघा. तानपुरा चालू आहे, सा जागचा हलत नाही, आणि गाणारा वर जे काय करतोय तिकडे आपलं सगळं लक्ष. बरोकमध्ये जमीनच हलते. खाली चेलो किंवा तसलं एखादं जाड आवाजाचं वाद्य एकेक सूर बदलत चाललेलं असतं आणि वरची मेलडी गोड वाटते, टोचते किंवा अस्वस्थ करते ती खालचा सूर सरकल्यामुळे. ह्या खालच्या ओळीला बासो कॉन्टिन्युओ म्हणतात. साधारण १६०० ते १७५० ह्या दीडशे वर्षांतलं इटली, जर्मनी, इंग्लंड कुठलंही म्युझिक घ्या, ही ओळ बहुतेक सगळीकडे असतेच. त्यामुळे माझी पद्धत एकच आहे, खालून ऐकायला सुरुवात करा.

सरावाला पाखेलबेलचा कॅनन घ्या, लग्नांच्या व्हिडिओंमुळे तो तुम्ही शंभर वेळा ऐकलेला असणार. वरच्या व्हायोलिनकडे अजिबात लक्ष द्यायचं नाही. खाली आठच सूर आहेत: सा प ध ग म सा म प, सगळे शुद्ध. पेटी असेल तर सफेद दोनचा सा धरून वाजवा आणि रेकॉर्डिंगसोबत गुणगुणत राहा. हे आठ सूर २८ वेळा येतात, तसेच्या तसे, काहीही फरक न करता, आणि त्यावर तीन व्हायोलिन एकामागोमाग एक तीच मेलडी वाजवत येतात. चार-पाच आवर्तनं झाली की तळ आपोआप ऐकू यायला लागतो, मग कान वर न्या.

इथे एक गंमत होऊ शकते. सफेद दोन लावूनही पेटी जुळली नाही तर पेटीला दोष देऊ नका. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे ग्रुप्स बहुधा ४४० हर्ट्झऐवजी ४१५ हर्ट्झला ट्यूनिंग करतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली, त्यामुळे तुमचा सा काळी एकला सापडेल. सुरुवातीला शक्यतो असलीच रेकॉर्डिंग्ज घ्या असं मी म्हणेन, कारण वाद्यं कमी असतात, आवाज मोकळा असतो आणि खालची ओळ गर्दीत हरवत नाही. बाखसाठी यूट्यूबवर नेदरलँड्स बाख सोसायटीचे व्हिडिओ फुकट आहेत, कॅमेरा वाजवणाऱ्यांच्या हातांवर असतो त्यामुळे कोण काय करतंय ते दिसतं.

कॉन्टिन्युओ वाजवणारे सहसा दोघं असतात. एक जण सूर धरतो, चेलोवर वगैरे, आणि दुसरा हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य), ऑर्गन किंवा थिओर्बोवर त्या सुरांवरचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भरतो. थिओर्बो म्हणजे ती प्रचंड लांब मानेची ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य), पहिल्यांदा बघितली की हसू येतं. ह्या दुसऱ्याला सगळं लिहून दिलेलं नसतं, नुसते खालचे सूर आणि त्यांच्या आसपास ६, ७ असले आकडे, बाकीचं त्याने त्याच्या अकलेने जागेवर भरायचं. म्हणजे वेस्टर्न म्युझिकमध्ये सगळं कागदावर असतं हे जे आपण ऐकत आलोय ते ह्या काळाला फारसं लागू नाही. हार्पसिकॉर्डमध्ये तारेवर हातोडी आदळत नाही, पक्ष्याच्या पिसाची नखी तार छेडते, त्यामुळे पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच.

आता दुसरा सराव, आणि हा माझा सगळ्यात लाडका. इटलीच्या मॉन्टेवेर्दीचं लामेन्तो देल्ला निन्फा, म्हणजे एका अप्सरेचा विलाप, १६३८ साली छापलेला. खाली फक्त चार सूर: सा, कोमल नी, कोमल ध, प. उतरत जायचं, परत वरून सुरू. प्रियकर सोडून गेलेली ती मुलगी वर गातेय, तीन पुरुष बाजूला उभे राहून बिचारी बिचारी करतायत आणि खाली ते चार सूर ३४ वेळा फिरतायत. मॉन्टेवेर्दीने सूचनाच दिलीय की बाईने हाताच्या तालावर नाही, मनातल्या भावनेच्या लयीत गायचं. मग होतं काय की खालचं चक्र ठाम असतं आणि ती त्याच्या आधी-नंतर, मधेच, कुठेही वाक्य सुरू करते, सम चुकवल्यासारखं वाटतं आणि ते चुकवणंच काळजाला लागतं.

ही युक्ती पन्नासएक वर्षांनी लंडनच्या पर्सेलने उचलली. डायडो अँड एनिअस नावाचा त्याचा ऑपेरा १६८९ च्या सुमारास चेल्सीच्या एका मुलींच्या शाळेत झाला होता. शेवटी राणी डायडो मरायच्या आधी गाते ते गाणं काढा. इथे उतरण अजून बारीक आहे, सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प, म्हणजे एक पट्टी न सोडता खाली, मग परत सा. आधी हे चक्र एकटंच ऐकू येतं, मग ती त्यावर गायला लागते आणि तिची वाक्यं बहुतेक वेळा चक्राच्या सांध्यावर संपत नाहीत. रिमेंबर मी म्हणताना ती प वरच थांबून राहते, आणि खालची जमीन सरकतेय हे आता तुम्हाला कळत असतं, म्हणून तो न हलणारा प असह्य होतो. तिचं गाणं संपल्यावर लगेच बंद करू नका हां, तीच उतरण आता वर व्हायोलिनमध्ये येते.

हा खालचा सूर एवढा महत्त्वाचा का झाला? त्याचं उत्तर ऑपेराच्या जन्मात आहे. १५७० नंतरच्या काळात फ्लॉरेन्समध्ये काउंट बार्दी नावाच्या सरदाराच्या घरी कवी, गायक, विद्वान मंडळींचा कट्टा भरायचा. त्यात विन्चेन्झो गॅलिलेई होता, ल्यूटवादक, आणि हो, तो दुर्बीणवाल्या गॅलिलिओचा बाप. ह्यांची तक्रार अशी की त्या काळच्या गाण्यात चार-पाच जण एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात, शब्दांचा चुराडा होतो, ऐकणाऱ्याला काय घंटा कळत नाही. जुन्या ग्रीक नाटकांमध्ये सगळं गाऊन सादर व्हायचं अशी त्यांची समजूत होती. मग उपाय काय? एकच माणूस गाईल, बोलल्यासारखा गाईल, आणि खाली आधाराला नुसता बास, म्हणजे खालची ओळ, आणि थोडे कॉर्ड. झाला कॉन्टिन्युओ! म्हणजे ऑपेरा आणि ही खालची ओळ जुळी भावंडं आहेत म्हणा ना.

ह्याच वातावरणात याकोपो पेरीने १५९८ मध्ये दाफ्ने केला, त्याचं बहुतेक संगीत हरवलंय. १६०० मध्ये त्याचाच एउरिदिचे झाला, मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या लग्नाच्या निमित्ताने. पूर्ण हातात असलेला सगळ्यात जुना ऑपेरा तोच, पण खरं सांगू का, सुरुवात त्याने करू नका, दहा मिनिटांत झोप लागेल.

सुरुवात करा मॉन्टेवेर्दीच्या १६०७ च्या ऑर्फेओने. मॉन्टेवेर्दी तेव्हा मांटुआच्या ड्यूककडे नोकरीला होता, २४ फेब्रुवारीला तिथल्या राजवाड्यात पहिला प्रयोग झाला. गोष्ट आधी वाचून घ्या, लग्नाच्या दिवशीच बायको साप चावून मरते आणि गायक नवरा तिला आणायला पाताळात जातो. मग पहिल्याच दिवशी अख्खा बघायच्या फंदात न पडता फक्त दुसरा अंक लावा, सबटायटल्ससकट. नाच, गाणी, मजा चाललीय, आणि एक बाई निरोप घेऊन येते. त्या क्षणी खालची वाद्यं बदलतात, व्हायोलिन गप्प, उरतो फक्त लाकडी ऑर्गन आणि लांब मानेची ल्यूट, आणि सूर असा कूस बदलतो की शब्द कळायच्या आधीच पोटात गोळा येतो.

तिसऱ्या अंकात ऑर्फेओ पाताळाच्या नावाड्यासमोर गातो. छापील स्कोअरमध्ये हे गाणं दोन प्रकारे दिलंय, एक साधी ओळ आणि खाली तीच हरकती-मुरक्यांनी भरलेली. मेलडी कडव्याकडव्याला नटत जाते आणि खालचा बास बराचसा तोच राहतो, तेव्हा कान तिथे ठेवा. नावाड्याच्या साथीला किरकिऱ्या आवाजाचा, भात्यावर चालणारा छोटा ऑर्गन आहे, तो ऐकला की ओळखालच. आणि एवढं जीव तोडून गायल्यावर नावाडी विरघळतो का? नाही. त्याला झोप लागते. मैफलीत पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला डुलताना बघितलेल्या कुठल्याही गायकाला हे पटेल.

१६३७ मध्ये व्हेनिसला सान कासियानो थिएटर तिकीट लावून सगळ्यांसाठी उघडलं आणि ऑपेरा राजवाड्यातून बाजारात आला. तिथून पुढे स्टार गायकांचं राज्य. त्या काळचा ऑपेरा ऐकताना दोनच गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. रेसिटेटिव्ह म्हणजे बोलल्यासारखं गाणं, खाली हार्पसिकॉर्डची अधूनमधून टकटक, गोष्ट इथे पुढे सरकते, त्यामुळे इथे डोळे सबटायटलवर. आणि आरिया म्हणजे पद, इथे गोष्ट थांबते आणि पात्र एकाच भावनेत मुरत बसतं. संगीत नाटक बघितलेल्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

आरियासाठी हँडलचं लाश्या क्यो पिआंगा ऐका, १७११ च्या रिनाल्दो ऑपेरातलं. पहिला भाग, मग वेगळ्या मूडचा छोटा दुसरा भाग, मग पहिला भाग परत. ह्याला दा कापो म्हणतात. परत येताना गायिकेने तेच तसंच गायचं नसतं, स्वतःच्या जागा घ्यायच्या असतात, आणि गंमत तिथेच आहे, म्हणून पहिला भाग लक्षात ठेवून ऐका आणि एकच आरिया तीन वेगवेगळ्या गायिकांकडून ऐका. ताल पण बघा, तीन मात्रा आणि वजन दुसरीवर, हा साराबांद नाचाचा ठेका. बाखच्या चेलो स्वीट्समध्ये पण हाच नाच भेटतो, त्या सहाही स्वीट्स म्हणजे मुळात एक प्रेल्यूड (सुरुवातीचा तुकडा) आणि पुढे ओळीने नाच. अजून एक, हँडलच्या ज्युलियस सीझर ऑपेरात सीझरचा आवाज बायकी का असं विचारू नका. ते काम सेनेसिनो नावाच्या कास्त्रातोने केलं होतं, म्हणजे आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक. भयंकर प्रकार, पण तेव्हा हीरोचा आवाज म्हणजे उंच आवाज. आपल्याकडे बालगंधर्व नायिका व्हायचे, तिकडे असे गायक सेनापती व्हायचे.

नुसत्या वाद्यांकडे वळायचं तर विवाल्दीचे फोर सीझन्स, १७२५ ला छापलेले. युक्ती सोपी आहे, सगळे मिळून वाजवतात तो तुकडा म्हणजे मुखडा, मधे सोलो व्हायोलिन फिरून येतं आणि परत मुखडा. पण स्प्रिंगचा दुसरा, संथ भाग मुद्दाम ऐका. मेंढपाळ झोपलाय, व्हायोला (व्हायोलिनचा जाड आवाजाचा भाऊ) दोन-दोन सुरांत भुंकतोय, तो त्याचा कुत्रा आहे, आणि खाली काहीच नाही! चेलो नाही, हार्पसिकॉर्ड नाही. विवाल्दीने तळच काढून घेतलाय आणि म्हणून ते सगळं हवेत तरंगल्यासारखं वाटतं. आत्तापर्यंत खालून ऐकायचा सराव केला असेल तरच हे जाणवतं.

फ्यूग ह्या प्रकाराला लोक उगाच घाबरतात. बाखचा छोटा जी मायनर ऑर्गन फ्यूग लावा. एक चाल एकटी सुरू होते, ती पाठ होईपर्यंत पहिली वीस सेकंद परत परत ऐका. मग तीच चाल त्याच्या खालच्या आवाजात येते, मग अजून खाली, आणि चौथ्यांदा वाजवणारा ती चक्क पायांनी वाजवतो. सुरुवातीला बाकी काय चाललंय ते सोडून द्या, फक्त चाल कुठे आली ते बोटावर मोजा, बास.

आणि हे सगळं जमलं की बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, १७४१, म्हणजे आधी एक आरिया (इथे गायची नाही, वाद्यावरची) आणि मग त्याच तळावर तीस वेगवेगळे अवतार. कागदावर लिहून समोर ठेवा: सा नी ध प ग म प सा, सा सफेद पाच. ही तळातल्या ओळीची फक्त सुरुवात आहे, पूर्ण ओळ ३२ मापांची (माप म्हणजे तालाचा एक छोटा खण). पहिल्या आरियाची सुंदर मेलडी पुढे तीस व्हेरिएशन्समध्ये शोधत बसलात तर वैतागाल, कारण ती येतच नाही, सगळं उभं आहे ते ह्या खालच्या सुरांवर. एका बैठकीत ऐकायची जबरदस्ती नाही, रोज पाच ऐका. तिसाव्यात बाखने लोकगीतं घुसडलीत, त्यातलं एक म्हणतं की कोबी आणि सलगम खाऊन खाऊन मी घर सोडून पळालो, आणि खाली बघाल तर तोच सा नी ध प चाललेला. त्याच्यानंतर पहिली आरिया परत येते, एकही सूर न बदलता, तेव्हा हेडफोन काढू नका.