फिलेमोनचं पत्र मंडळीत (चर्चमध्ये) कसं शिकवायचं

बायबलच्या नव्या करारातलं हे पौलाने फिलेमोनला लिहिलेलं पत्र, फक्त 25 वचनं आहेत, त्यामुळे तुकडे पाडू नका, एका दमात मोठ्याने वाचून काढा. मग बघा पत्र कोणाकोणाला आहे, नाव फिलेमोनचं पण वचन 2 मध्ये त्याच्या घरी जमणारी मंडळीपण आहे, म्हणजे पौल खासगी विषय चारचौघांत काढतोय, हे प्रेशर क्लासमध्ये नक्की दाखवा. वचन 18-19 वर निवांत थांबा, अनेसिमचं (फिलेमोनचा गुलाम, ज्याच्यासाठी पौल हे पत्र लिहितोय) देणं माझ्या नावावर मांड, मी फेडीन असं पौल स्वतःच्या हाताने लिहितो आणि लगेच, तू स्वतःच माझं देणं लागतोस हेही हळूच सुनावतो (भारीच!). अनेसिम पळून गेला, चोरी केली असं पत्रात थेट कुठेच नाही, उगाच स्टोरी रंगवू नका. आणि गुलामगिरीचा विषय टाळू नका, लोक विचारणारच.